बुर्दार्डचा कालवा, जिथे तो थांबला

सप्टेंबरातला शनिवार. सकाळी सहाला उठून धपाटे भाजले, डब्यात भरले, बायको झोपेतच म्हणाली की एवढ्या लांब कालवा बघायला कोण जातं, आपल्या बिल्डिंगमागे आहे की एक. तिचं म्हणणं चूक नाही. अॅम्स्टरडॅमशेजारी अॅम्स्टेलवेनला राहायचं आणि कालवा बघायला अडीच तास ट्रेनने नेदरलँड्सच्या उत्तरेला फ्रिसलंडला जायचं म्हणजे कोकणातल्या माणसाने नारळ बघायला केरळला जाण्यासारखं आहे. पण मला तोच कालवा बघायचा होता, आणि कालव्याचाही तोच एक तुकडा, बुर्दार्ड गावाजवळचा, जिथे एक पोहणारा थांबला होता.

लेवार्डन स्टेशनच्या बाहेर पडलं की समोरच दोन मोठ्ठी पांढरी डोकी आहेत, एक मुलगा एक मुलगी, डोळे मिटलेले, समोरासमोर, आणि खालून धुकं सोडतात. कारंजं आहे ते. २०१८ ला हे शहर युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं तेव्हा इथल्या अकरा गावांत अकरा कारंजी बसवली, त्यातलं हे एक. अकराच का, तर फ्रिसलंडमध्ये अकराच चालतं. एल्फस्टेडेनटोख्त, म्हणजे अकरा गावांची फेरी. थंडी कडाक्याची पडली आणि कालव्यांवरचा बर्फ सगळीकडे १५ सेंटिमीटर जाड झाला की हजारो लोक स्केट्स घालून एका दिवसात अकरा गावं फिरून परत लेवार्डनला येतात, जवळपास २०० किलोमीटर. १९०९ पासून फक्त १५ वेळा झाली. शेवटची ४ जानेवारी १९९७ ला. तेव्हापासून लोक वाट बघतायत. दर जानेवारीत ऑफिसमधले डच लोक हवामानाचं अॅप उघडून बसतात, आणि फ्रिसलंडचा कोणी असेल तर विचारूच नका, आपल्याकडे जूनमध्ये पावसाची वाट बघतात तसा चेहरा असतो.

बर्फच नाही तर काय करणार? मार्टेन फान देर वेइडन नावाच्या माणसाने ठरवलं की आपण ही फेरी पोहून करू.

हे नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही. डच स्विमर म्हटलं की सिडनी ऑलिम्पिकचे पीटर फान डेन होखेनबांड आणि इंखे दे ब्राउन आठवतात. मार्टेन तसला स्टार कधीच नव्हता. १९८१ चा जन्म, आल्कमारचा, उंची दोन मीटरच्या वर, लांब अंतराचा पोहणारा. २००१ मध्ये त्याला ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सर झाला. वय वीसच्या आसपास. केमो, मग स्टेम सेल ट्रान्सप्लांट, सगळं झालं, आणि वाचला. २००३ मध्ये परत पाण्यात. २००४ ला आयसलमेअर नावाचं मोठं सरोवर पोहून पार केलं ते कॅन्सरसाठी पैसे गोळा करायला. २००८ ला स्पेनमध्ये सेव्हियाला २५ किलोमीटरचा वर्ल्ड चॅम्पियन, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीजिंग.

बीजिंगची रेस मी यूट्यूबवर किती वेळा बघितली असेल. १० किलोमीटर मॅरेथॉन स्विमिंग, ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच. पुढे ब्रिटनचा डेव्हिड डेव्हिस जीव तोडून पोहतोय, आणि आपला माणूस घोळक्यात आहे. दिसतच नाही. दुसऱ्याच्या मागे राहिलं की पाणी कापायचं काम पुढचा करतो, सायकलवाले करतात तेच. जवळजवळ पावणेदोन तास असं लपून, आणि शेवटी, अगदी शेवटी, बाहेर येऊन दीड सेकंदाने जिंकला. १ तास ५१ मिनिटं ५१.६ सेकंद. डेव्हिसला सिल्व्हर, जर्मनीच्या थॉमस लुर्झला ब्राँझ. नंतर मार्टेनने सांगितलं की हे मी हॉस्पिटलच्या बेडवर शिकलो. तिथे पुढच्या आठवड्याचा विचार करत नाही माणूस, पुढच्या एका तासाचा करतो, आणि पडून राहून वाट बघतो. त्याच डिसेंबरमध्ये देशाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडला गेला आणि बक्षीस घेतानाच्या भाषणातच सांगून टाकलं की बास, आता थांबतो.

असो. स्टेशनवरून सायकल भाड्याने घेतली आणि निघालो. रस्ता सोपा आहे, डोक्कुमर ए नावाचं पाणी धरून सरळ डोक्कुमपर्यंत, एका बाजूने २५ किलोमीटरच्या आत. ए हे नदीचं नाव आहे, एवढंच, एक अक्षर. आता तिला कालवाच म्हणायला हवं. शहर संपलं की दोन्ही बाजूंना नुसतं गवत आणि गाई, आणि वारा. चढ नावाची गोष्ट या देशात नाही असं लोक सांगतात त्यांनी इथे समोरून वारा घेऊन सायकल चालवून दाखवावी. मी तिसऱ्या गिअरवर, जोर लावून, आणि शेजारून सत्तरीच्या एक आजी इलेक्ट्रिक सायकलवर हात हलवून पुढे गेल्या.

बार्टलेहीमला थांबलो. गाव कसलं, चार घरं आणि एक उंच छोटा पादचारी पूल. पण स्केटिंगवाल्यांसाठी हे पंढरपूरच आहे. कारण इथून डोक्कुमला जायचं आणि परत इथेच येऊन मग लेवार्डनला वळायचं, म्हणजे अंधारात, पाय गेलेले असताना, घराकडचं वळण समोर दिसत असताना उलट्या दिशेला जायचं. पुलावर बसून दोन धपाटे खाल्ले. खाली बदकं.

मामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर हे सगळं कशासाठी ते कळणार नाही. २०१६ मध्ये माझ्या मामाला ब्लड कॅन्सर झाला. मला पोहायला त्यानेच शिकवलं होतं, विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून, आणि एके दिवशी न सांगता डबा सोडून. हॉस्पिटलमध्ये जो भेटायला येईल तो म्हणायचा, लढ, हिंमत ठेव, पॉझिटिव्ह राहा, तो अमुक क्रिकेटर बघ कसा परत आला. मामा हसून हो हो म्हणायचा. मी एकटा असताना म्हणाला, "अरे लढतोय कसला, पडून आहे मी. लढतंय ते सलाईन." आठ महिन्यांनी गेला. दहाव्याला नात्यातलेच एक गृहस्थ माझ्याशेजारी उभे राहून म्हणाले की शेवटी शेवटी त्याने हिंमतच सोडली हो. मी काही बोललो नाही. अजून राग येतो, त्यांचा कमी आणि माझा जास्त.

म्हणून मार्टेन. त्याचं पदक वगैरे ठीक आहे, पण या माणसाने उघडपणे सांगितलं की मी लढून बरा झालो नाही, डॉक्टरांनी बरं केलं, मी पडून होतो, आणि नशीब होतं. कॅन्सरमधून उठलेल्या सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगसारख्यांची जी भाषा होती, की झुंज दिली तर जिंकता येतं, ती धोक्याची आहे असंही तो म्हणाला. कारण मग जे गेले ते काय झुंजले नाहीत? ऑलिम्पिक गोल्ड गळ्यात घालून हे बोलायला वेगळीच छाती लागते, सगळे तर तुमच्याकडून उलटंच ऐकायला बसलेले असतात.

तर बुर्दार्ड. १८ ऑगस्ट २०१८, शनिवारी सकाळी तो लेवार्डनहून पाण्यात उतरला. रात्री पण पोहायचं, मध्ये मध्ये थोडी झोप. काठावर हजारो लोक, काही लोक पैसे भरून त्याच्याबरोबर थोडं थोडं अंतर पोहले. सोमवारी, ५५ तासांनी, १६३ किलोमीटरवर, बुर्दार्डजवळ डॉक्टरांनी त्याला बाहेर काढलं. शरीर संपलं होतं. अकरावं गाव डोक्कुम तेवढं राहिलं. तोपर्यंत कॅन्सर रिसर्चसाठी काही मिलियन युरो जमले होते.

गावात पवनचक्की आहे पाण्याला लागूनच, आणि काठावर बाक. एक म्हातारं जोडपं गळ टाकून बसलेलं. मी माझ्या मोडक्या डचमध्ये विचारलं की तो नेमका कुठे थांबला. आजोबांनी पुलाच्या अलीकडे बोट दाखवलं. आजींनी लगेच, नाही नाही, त्याच्या बरंच आधी, बोट दुसरीकडे. मग दोघांचं आपसात फ्रिशियनमध्ये सुरू झालं जे मला काडीचं कळलं नाही, पण भांडण कळायला भाषा लागत नाही. पाच मिनिटं चाललं. शेवटी आजींनी मला थर्मासमधली कॉफी दिली आणि साखरेचे खडे घातलेल्या ब्रेडचा तुकडा, वर बोटभर लोणी. सुईकरब्रोड म्हणतात. दोन जागा मिळाल्या, मी दोन्हीकडे जाऊन उभा राहिलो.

गुडघ्यावर बसून पाण्यात हात घातला. चहासारखं तपकिरी पाणी, बोटं दिसेनाशी झाली मनगटाच्या खाली. बोटांना शेवाळ लागलं आणि चिखलाचा वास, आमच्या विहिरीला उन्हाळ्यात यायचा तसाच. हात पाच मिनिटांत बधिर. एक मोटरबोट गेली तर डिझेलचा तवंग आला. याच्यात ५५ तास तोंड घालून!

पुढच्या वर्षी तो परत आला. २१ जून २०१९, शुक्रवार. या वेळेला बुर्दार्ड मागे टाकलं, डोक्कुम झालं, आणि सोमवारी संध्याकाळी लेवार्डनला पोचला, साधारण १९५ किलोमीटर. २०२३ मध्ये तर तोच मार्ग आधी पोहून, मग सायकलने, मग पायी. याला काय म्हणावं मला माहीत नाही. निवृत्त माणूस आहे तो!

मी डोक्कुमला गेलो, बर्फाचं कारंजं बघितलं, फोटो काढला आणि पळालो कारण पाऊस सुरू झाला. परतीला वारा पाठीमागून असेल असा हिशोब होता. वारा फिरला होता.

ट्रेनमध्ये बसल्यावर मामीला फोटो पाठवला, बुर्दार्डचाच, पाणी आणि बाक. खाली लिहिलं की इथे एक पोहणारा थांबला होता, त्याला पण मामासारखाच आजार होता, सविस्तर फोनवर सांगतो. दोन निळ्या टिका लगेच आल्या. बराच वेळ टायपिंग दिसत राहिलं, मग बंद झालं, मग परत.

झ्वोलेला रिप्लाय आला. "पाणी फार घाण आहे रे. तू नाही ना उतरलास? जेवलास का?"