होल्स्टर शिवायला आठ दिवस, डमीला अडीच महिने

कोल्हापुरात चांगलं कातडं मिळतं, रापी आणि आरी चालवणारे तयार हात मिळतात, शिसवीचं लाकूडही मिळतं. तरी रिव्हॉल्व्हरला मुठीच्या नव्या पट्ट्या बसवून हाताने शिवलेलं होल्स्टर (रिव्हॉल्व्हर ठेवायचं कातडी म्यान) पूर्ण व्हायला मला तीन महिने लागले. त्यातले अडीच महिने गेले एका लाकडी डमीपायी, म्हणजे शस्त्राच्या हुबेहूब आकाराच्या ठोकळ्यापायी. हे कुणी आधी सांगितलं असतं तर सगळं काम पंधरा-वीस दिवसांत उरकलं असतं, म्हणून डमीबद्दल सविस्तर लिहितो आणि बाकीचं लागेल तेवढंच.

चांगलं होल्स्टर मापाने शिवून भागत नाही, ते आकारावर बसवावं लागतं. शिवलेलं कातडं ओलं करायचं, आत शस्त्राच्या आकाराची वस्तू घालायची, दाबून दाबून आकार उठवायचा आणि तसंच वाळू द्यायचं. कारागीर साहजिकच म्हणतो, "साहेब, हत्यार दोन दिवस ठेवून जावा की." ठेवून जाता येत नाही. शस्त्र अधिनियम 1959 खाली परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात रिव्हॉल्व्हर दिलं तर देणारा आणि घेणारा दोघेही अडकतात. बरं, स्वतः समोर बसून राहिलं तरी ओल्या कातड्यात तासन्‌तास राहिलेल्या पोलादावर गंज धरतो आणि त्याचं काळं पॉलिश उतरतं. थोडक्यात, खरं शस्त्र साचा म्हणून वापरायचंच नाही.

परदेशात यासाठी भरीव प्लास्टिकच्या डमी तयार मिळतात, पण त्या तिकडच्या मॉडेलांच्या. आपल्याकडे अनेक परवानाधारकांकडे असतं ते कानपूरचं .32 रिव्हॉल्व्हर. सहा गोळ्यांचं, जुन्या इंग्रजी वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या घडणीचं, वरून मोडून, म्हणजे नळी पुढे खाली झुकवून उघडणारं. नळी 76 मिमी, एकूण लांबी 178 मिमी, वजन सुमारे 700 ग्रॅम. गोळ्यांचा सिलिंडर बाजूला झुकणाऱ्या परदेशी रिव्हॉल्व्हरची डमी याला चालत नाही, कारण शस्त्र उघडायची मागची खिटी, फ्रेमची पाठ आणि बिजागरीचा भाग सगळंच वेगळं. 2014 मध्ये आलेलं कानपूरचंच हलकं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर 500 ग्रॅमचं आहे. लांबी सारखी म्हणून एकाची डमी दुसऱ्याला चालेल असं मात्र धरू नका, स्वतःच्या शस्त्राची मापं घ्या.

पहिली चूक कागदावरच्या रेघेत झाली. रिव्हॉल्व्हर कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली की आकृती मिळते, असं वाटतं. पेन्सिल 7 मिमी जाड असते, म्हणजे शिसं कडेपासून साडेतीन मिमी बाहेर चालतं. दोन्ही बाजूंनी मिळून 7 मिमी वाढले. त्यात सिलिंडरमुळे नळी कागदापासून उचललेली राहते आणि पेन्सिल जराशी कलली की रेघ आत-बाहेर होते. उपाय साधा आहे. बॉलपेनची बारीक रिफिल सुटी काढून वापरायची, गुण्याला (काटकोन्याला) टेकवून उभी धरायची आणि नळीखाली पुठ्ठ्याचे तुकडे देऊन शस्त्र सपाटीत आणायचं. मग आकृती व्हर्नियर कॅलिपरने तपासायची: नळीचं टोक, पुढच्या माशीची (नेम धरायच्या उंचवट्याची) उंची, नळी आणि फ्रेम मिळतात ती जागा, सिलिंडरचा व्यास आणि लांबी, ट्रिगर गार्डची (ट्रिगरभोवतीच्या कडीची) खोली आणि रुंदी, फ्रेमची जाडी, खिटीची उंची. मोबाईलच्या फोटोवरून आकृती मोठी करून घेऊ नका. जवळून घेतलेल्या फोटोत कॅमेऱ्याजवळचा सिलिंडर फुगतो.

कागद बरोबर झाल्यावर डमी करून घ्यायला उद्यमनगर गाठलं. फाउंड्र्यांच्या गावात ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी पॅटर्न करणाऱ्यांची वाण नाही, त्यामुळे हे काम इथे सगळ्यात सोपं जाईल असा हिशेब होता. महिन्याभराने जी डमी मिळाली ती दिसायला सुरेख होती आणि तिच्यावर बसवलेल्या होल्स्टरमध्ये रिव्हॉल्व्हर खुळखुळत होतं. कारण शोधायला आणखी आठ दिवस गेले. पॅटर्न करणारा माणूस नेहमीच्या सवयीने आकुंचनाची पट्टी वापरतो. ओतीव लोखंड थंड होताना मीटरला साधारण 10 मिमी आखडतं, म्हणून त्याच्या पट्टीवरचा प्रत्येक सेंटीमीटर एक टक्का मोठा असतो. 178 मिमीची डमी जवळजवळ 180 भरली. शिवाय वाळूतून पॅटर्न निघावा म्हणून उभ्या कडांना दिलेला उतार, आतल्या कोपऱ्यांत भरलेली गोलाई आणि नळीच्या तोंडावर मशिनिंगसाठी सोडलेले दोन मिमी. ट्रिगर गार्डपुढचा कोपरा, जिथे होल्स्टरने शस्त्र पकडायचं असतं, तोच गुळगुळीत होऊन गेला होता. त्या कारागिराच्या धंद्यात हे सगळं बरोबरच आहे. पण "हे ओतायचं नाही, साध्या पट्टीने मापाबरहुकूम हवं" हे वाक्य कागदावर लिहून द्यायला हवं होतं, आणि "कशासाठी पाहिजे" एवढं दुकानातून एकदा विचारलं गेलं असतं तरी महिना वाचला असता. पैसे पूर्ण घेतले गेले. दुरुस्ती करायला नकार मिळाला. याचा राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्यांदा मापं घ्यायची तर तेवढ्यात आचारसंहिता लागली आणि शस्त्र पोलीस ठाण्यात जमा झालं. पावती जपून ठेवा आणि त्यावरचा क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी तिथल्या तिथे ताडून घ्या. मापं वहीत पूर्ण असतील तर हा काळ वाया जात नाही. माझ्या वहीत खिटीचं माप नव्हतं, म्हणून सगळंच थांबलं.

शेवटी जी पद्धत जमली ती थरांची, आणि तिला मोठा कारागीरही लागत नाही. सागाची फळी फ्रेमच्या जाडीइतकी रंधून घ्यायची आणि आकृतीप्रमाणे कापायची. सिलिंडर लेथवर लाकडात अचूक व्यासाचा काढायचा आणि उभा चिरून त्याचे दोन बाजूंचे काप फळीला चिकटवायचे. समजा सिलिंडर 36 मिमी आणि फ्रेम 15 मिमी असेल, तर प्रत्येक काप साडेदहा मिमी उंचीचा. करवतीची वाट मधल्या टाकाऊ भागातून जाते, त्यामुळे माप बिघडत नाही. नळीचा भाग कानशीने गोल करायचा. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) वापरू नका. ओल्या कातड्यात ते फुगतं आणि दुसऱ्या दिवशी डमी होल्स्टरमधून निघत नाही. सागालाही लॅकरचे दोन हात द्यावेत आणि वर स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिक फिल्म गुंडाळावी. काही जण शस्त्रावर सिलिकॉन ओतून साचा घ्यायला सांगतात. व्हिनेगरचा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन आम्ल सोडतं आणि पोलाद खातं, त्याच्या नादी लागू नये.

आता डमीवर मुद्दाम खोटं करायच्या तीन जागा. पुढच्या माशीच्या रेषेत नळीवर 5-6 मिमी रुंदीची लाकडी पट्टी तोंडापर्यंत चिकटवा, नाहीतर शस्त्र काढताना माशी दर वेळी कातड्याची साल काढते. ट्रिगर गार्डची पोकळी पूर्ण भरून सपाट करा, म्हणजे कातडं ट्रिगरकडे आत दबत नाही. तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची आणि तिच्याकडेच लक्ष जात नाही: वेब्ली घडणीत शस्त्र उघडायची खिटी डाव्या बाजूला बाहेर आलेली असते. तिच्यामागच्या खाचेत ओलं कातडं बसलं तर शस्त्र ओढताना खिटी अडते आणि रिव्हॉल्व्हर मोडून उघडू शकतं. एम-सीलने खिटीभोवती तिरका चढ करून खाच भरून टाका. होल्स्टरचा अंगठ्याने सुटणारा पट्टाही तिच्यावरून जाऊ देऊ नका. शेवटी डमी भडक नारिंगी रंगवा. भरीव लाकूड असलं तरी लांबून कुणाचा गैरसमज होऊ नये.

हे आधीच सांगायला हवं होतं: मुठीचं काम होल्स्टरच्या आधी करा. पट्ट्यांची जाडी बदलली की होल्स्टरची वरची कड बदलते, आणि मूठ धरताना मधली, अनामिका आणि करंगळी ही तिन्ही बोटं कातड्याला न लागता पूर्ण बसायला हवीत. कारखान्याच्या पट्ट्या सगळ्यांच्या हाताला सारख्याच. खरा फरक तर्जनीच्या पेराचा असतो. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ पडेल एवढीच जाडी ठेवायची. शिसवी पूर्ण वाळलेली घ्या. आतल्या बाजूचं बसणं तपासायला फ्रेमला काजळाचा पातळ थर लावून पट्टी दाबायची, काळा डाग उठेल तिथेच खरवडायचं. कडा धातूच्या किंचित वर ठेवून हाताने उतरवायच्या, आणि फ्रेमवरच्या क्रमांकाजवळ सँडपेपर न्यायचाच नाही. उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात, दोन हातांच्या मध्ये एक दिवस सोडून. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, पसरून वाळवा. गोळा केलेल्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. शिसवीचे काळे-जांभळे पट्टे तेलाखाली उजळतात तेव्हा या कामाचं वेड का लागतं ते कळतं.

कातड्याबाबत एकच आग्रह. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती ज्या बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याची असते, तसलंच कातडं होल्स्टरला लागतं. क्रोमचं (क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं) कातडं आकार धरत नाही, रबरासारखं परत उघडतं. दुकानात "देशीच आहे" असं सांगून क्रोम हातात पडू शकतं. कापलेली कड बघा: आतून निळसर-हिरवट असेल तर क्रोम, तपकिरी असेल तर सालीतलं. शंका राहिली तर नखाएवढा तुकडा उकळत्या पाण्यात टाका. सालीत कमावलेला लगेच आखडून कडक होतो, क्रोमचा बहुतेक तसाच राहतो. जाडी 3 ते साडेतीन मिमी, पाठीकडचा भाग. पोटाकडचं कातडं ताणतं.

शिवणीची रेघ आकृतीच्या कडेपासून किती लांब? त्या जागी शस्त्राची निम्मी जाडी अधिक कातड्याची जाडी. वरच्या उदाहरणात सिलिंडरपाशी 18 अधिक 3, म्हणजे 21 मिमी; नळीपाशी त्याहून बरीच कमी. आधी चार-पाच कच्चे टाके घालून डमी सरकवून बघा, मगच पूर्ण शिवा. दोन सुया, मेणदोरा, इंचाला सहा-सात टाके, शेवटी तीन टाके उलट.

भिजवायला कोमट पाणी, बुडबुडे थांबेपर्यंतच. कातड्याचा मूळ रंग परतायला लागला की डमी घालून गुळगुळीत लाकडी पट्टीने आकार उठवायचा. सावलीत एक दिवस; जून ते सप्टेंबर असेल तर तीन. ड्रायर किंवा ऊन नको, कातडं ठिसूळ होतं. वाळल्यावर पट्टा उघडा ठेवून गादीवर होल्स्टर उलटं धरा. हलक्या झटक्याने डमी पडली नाही पण हाताने सहज निघाली, की बसणं बरोबर आहे. वरून मेण थोडंच. तेल पाजलं तर कातडं मऊ पडून आकार जातो.

रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये ठेवून कपाट लावू नका. सालीतल्या कातड्यात टॅनिन असतं आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात ते ओल धरतं. चार-पाच आठवड्यांत सिलिंडरवर ठिपके दिसू शकतात. गोळ्याही कातड्याच्या घरांत राहू दिल्या तर पितळेवर हिरवं चढतं. आत डमी घालून ठेवा. त्याने आकारही टिकतो, आणि तिच्या बुडाशी कातड्याची जाडी आणि शिवणीचं अंतर लिहून ठेवलं असेल तर पुढचं होल्स्टर शिवताना शस्त्र घराबाहेर न्यावंच लागत नाही.