सर, आधी स्लीव्ह!

आमच्या ऑप्टिकल फायबरच्या प्रयोगशाळेच्या वार्षिक मेळाव्यात स्वागत होतं, अहवाल वाचला जातो, हिशेब मंजूर होतो, त्या वर्षी पीएचडी झालेल्यांचा सत्कार होतो. हे सगळं व्हायलाच हवं आणि ते नीट होतं. पण मेळाव्याला खरा रंग चढतो तो सर बाह्या दुमडून टेबलाशी येतात आणि पुढचे दिवे मंद करायला सांगतात तेव्हा.

इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाची सगळी कारकीर्द सर त्या टेबलावर मांडतात. पदव्या आणि पुरस्कार त्यात कुठेच नसतात, असतात फक्त तीन वस्तू.

पहिली वस्तू म्हणजे जुन्या एंडोस्कोपमधला, म्हणजे शरीराच्या आत बघायच्या नळीतला, फायबरचा जुडगा. फायबर म्हणजे प्रकाश वाहून नेणारा काचेचा बारीक तंतू. त्यात हजारो तंतू असतात आणि त्यांची मांडणी दोन्ही टोकांना तंतोतंत सारखी असते, म्हणून एका टोकावर पडलेलं चित्र दुसऱ्या टोकाला दिसतं. हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी या भौतिकशास्त्रज्ञांनी 1954 मध्ये हे करून दाखवलं. मात्र उघडे तंतू एकमेकांना टेकले की प्रकाश शेजारच्या तंतूत झिरपतो आणि चित्र फिकं पडतं. कमी अपवर्तनांकाच्या काचेचं आवरण आलं तेव्हा हा दोष गेला, आणि 1957 मध्ये डॉक्टर हिर्शोविट्झ यांचा लवचीक गॅस्ट्रोस्कोप पोटात उतरला. सरांच्या जुडग्यातून पाहिलं की चित्रात काळे ठिपके दिसतात. एक ठिपका म्हणजे एक तुटलेला तंतू. जुडगा जोरात वाकवू नका, हे सर वेगळं सांगत बसत नाहीत. ते जुडगा हातोहात फिरवतात आणि ठिपके मोजायला लावतात.

दुसरी वस्तू फायबरचं रीळ. काओ आणि हॉकहॅम या अभियंत्यांनी 1966 मध्ये मांडलं की किलोमीटरला 20 डेसिबलपेक्षा कमी ऱ्हास असेल, तर काचेतून संदेश पाठवणं व्यवहार्य ठरेल. 20 डेसिबल म्हणजे किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक भाग उरणं. 1970 मध्ये कॉर्निंग या काच-कंपनीच्या संशोधकांनी 17 डेसिबल गाठले. आज 1550 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला हा आकडा 0.2 च्या आसपास आहे, म्हणजे किलोमीटरनंतरही 95 टक्क्यांहून अधिक प्रकाश शिल्लक. सरांचं सुरुवातीचं काम इथलं, दूरसंचारातलं.

तिसरी वस्तू ओसीटीचा प्रोब. ओसीटी, म्हणजे ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी, हे न कापता त्वचेच्या किंवा डोळ्याच्या आतले थर प्रकाशाने बघायचं तंत्र. 1991 मध्ये हे तंत्र जगापुढे आलं आणि सरांची वाट बदलली. कल्पना सोनोग्राफीसारखीच आहे, फक्त ध्वनीऐवजी प्रकाशाचा प्रतिध्वनी. पण 10 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, जायला प्रकाशाला जेमतेम 33 फेमटोसेकंद लागतात; फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. इतका वेळ कुठलंच इलेक्ट्रॉनिक सर्किट थेट मोजू शकत नाही. म्हणून प्रकाशाचे दोन भाग करायचे, एक नमुन्याकडे आणि एक रेफरन्स आरशाकडे पाठवायचा, आणि परतल्यावर त्यांचे व्यतिकरणाचे पट्टे, म्हणजे दोन लहरी एकमेकींत मिसळून उमटणारे उजळ-काळे पट्टे, वाचायचे. त्वचेसाठी 1300 नॅनोमीटरचा आणि 100 नॅनोमीटर वर्णपट-रुंदीचा स्रोत घेतला, तर हवेत खोलीच्या दिशेचं विभेदन, म्हणजे दोन थर वेगळे दिसायला लागणारं अंतर, साधारण 7.4 मायक्रॉन मिळतं.

आणि मग ते प्रात्यक्षिक, ज्यासाठी आम्ही सगळे पुढे सरकून बसतो. सर दोन फायबर जोडतात. हातात फायबर सोलायचा स्ट्रिपर घेऊन ते थांबतात आणि सभागृहाकडे बघतात. सगळं सभागृह एका आवाजात म्हणतं, "सर, आधी स्लीव्ह!" स्लीव्ह म्हणजे जोडाला जपणारी, उष्णतेने आवळणारी नळी. ती जोड होण्याआधीच एका फायबरवर ओवून ठेवावी लागते. विसरलात तर उत्तम जमलेला जोड तोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मग तीनेक सेंटीमीटर कोटिंग, म्हणजे काचेवरचा प्लास्टिकचा थर, काढायचं. 250 मायक्रॉनचं फायबर 125 चं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला, धागे न सुटणारा टिश्यू एकाच दिशेने ओढायचा. काच स्वच्छ झाली की बारीक "चीं" आवाज येतो. तो आवाज ऐकू यावा म्हणून सभागृहात कुणी खुर्चीसुद्धा हलवत नाही. मग टोक सरळ कापणारा क्लीव्हर. पुसल्यावर टोकाला बोट लावायचं नाही आणि कापल्यावर पुन्हा पुसायचं नाही. स्प्लायसरच्या, म्हणजे विजेच्या ठिणगीने काच वितळवून फायबर जोडणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर टोक तिरकं दिसलं किंवा कडेला ओठ राहिला, तर आर्क, म्हणजे ती ठिणगी, मारायचाच नाही, पुन्हा कापायचं. एक अंशाच्या वरचा कोन सर कधीच चालवून घेत नाहीत. आर्क चमकतो, ऱ्हास 0.02 डेसिबल दिसतो, आणि दर वर्षी घसा दाटून येतो. त्या लहानशा आकड्यामागे एका माणसाचे अख्खे हात असतात.

अलीकडच्या काही बॅचेस मात्र समूहफोटो झाला की निघून जातात. सह्यांच्या वहीचं पान भरलेलं असतं आणि जोडाच्या वेळी मागच्या तीन रांगा रिकाम्या असतात, हे मनाला लागतं. त्यातले बरेच जण प्रतिमा-प्रक्रियेत काम करतात. ओसीटीच्या दोन्ही भुजांमधल्या, म्हणजे नमुन्याच्या आणि आरशाच्या वाटांमधल्या, डिस्पर्शनचा (वेगवेगळे रंग वेगवेगळ्या गतीने जाण्याचा) फरक सॉफ्टवेअरने सुधारता येतो, हे खरं. पण टेबलावर कुणी टेकलं, फायबर वळलं, ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा, फिरलं आणि पट्टे पुसट झाले, तर नोंदच न झालेला सिग्नल कुठलाही अल्गोरिदम परत आणत नाही. तिथे ध्रुवीकरण जुळवणारे, फायबर गुंडाळलेले पॅडल हातानेच फिरवावे लागतात. डोळ्याच्या 840 नॅनोमीटरच्या यंत्रात चुकून 1300 चं फायबर लागलं, तर त्यातून एकाहून अधिक मोड, म्हणजे प्रकाशाच्या वाहण्याच्या वेगवेगळ्या रीती, वाहतात आणि पडद्यावरच्या चित्रात भुतासारखी दुसरी रेघ उमटते. बाहेरून दोन्ही फायबर 125 मायक्रॉनचीच, डोळ्यांना फरक कळत नाही.

म्हणूनच भांडारातल्या काकांचे आभार मानायचे, त्यांनी दोन्ही रिळांना वेगळ्या रंगांच्या चिकटपट्ट्या लावल्या. आदल्या रात्री वातानुकूलन चालू ठेवणारे पहारेकरी, ज्यांच्यामुळे सकाळी इंटरफेरोमीटर, म्हणजे ते व्यतिकरणाचे पट्टे देणारी मांडणी, स्थिर मिळतो. टेबलावर काळा कागद अंथरणाऱ्या मावशी, ज्या काचेचे तुकडे चिकटपट्टीने उचलून झाकणाच्या बाटलीत टाकतात, झाडूने कधीच नाही. नेत्रविभागातल्या सिस्टर, ज्या रुग्णांची हनुवटी टेकवून त्यांना धीर देत. स्प्लायसर जिन्यावरून आडवा न करता आणणारी दोन मुलं. इलेक्ट्रिकल विभागाचे तंत्रज्ञ. ग्रंथालयातल्या मॅडम. कनेक्टर पुसून, सूक्ष्मदर्शकाखाली तपासून मगच जोडणारी प्रत्येक बॅच, आणि हिरवा तिरका कनेक्टर निळ्या सरळ कनेक्टरला लावू न देणारे सगळे सीनियर. मावशींच्या हाताखाली शिकलेली त्यांची सूनही, तिचं नाव मागच्या अहवालात राहून गेलं होतं.

कार्यशाळेतले काका शेवटी, कारण प्रात्यक्षिकाचा शेवट त्यांच्यापाशी होतो. फायबर बसवायच्या व्ही-आकाराच्या खाचा आणि प्रोबचे साचे त्यांनीच कातले. सर त्यांचं बोट प्रोबखाली ठेवतात. लेथवर वर्षानुवर्षं काम केलेलं बोट, वरचा मृत थर जाड. पडद्यावर तो जाड थर करडा दिसतो, त्याखाली जिवंत त्वचेची उजळ, लाटेसारखी सीमा, आणि त्या थरातून वर येणाऱ्या घामाच्या नळ्या, स्क्रूच्या आट्यांसारख्या पिळदार, एकीशेजारी एक. काका पडद्याकडे बघतात, मग बोटाकडे. सर म्हणतात, "काका, जरा हलू नका," आणि पुढची चौकट घेतात.