निरीक्षण विहिरीतलं उपरं पाणी

भूजलाच्या नोंदींसाठी ठरलेल्या निरीक्षण विहिरी असतात. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर असं वर्षातून चार वेळा त्यांची पातळी मोजायची आणि मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघायची. दुष्काळाच्या चर्चेत पुढे हाच आकडा फिरतो.

2019 चा मे महिना. आदल्या ऑक्टोबरात राज्यात 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता, त्यात जालना जिल्ह्यातला अंबडही होता. तिथल्या, मार्चमध्ये तळाला हातभर पाणी असलेल्या एका निरीक्षण विहिरीत खडू लावलेला टेप सोडला, तर तो चार मीटर आधीच ओला झाला. मधे पावसाचा थेंब नाही, कालवा तिथवर पोचत नाही.

कठड्यावरून वाकून पाहिलं. आमच्याकडे पाणी येतं ते मुरुमातून आणि सच्छिद्र मांजऱ्या थरातून. खाली अखंड काळा पाषाण लागला की झिरपा संपला. त्या सांध्यावरच्या झऱ्यांची तोंडं पांढरी पडून ठणठणीत कोरडी होती आणि पाणी त्यांच्या खाली उभं होतं. बादलीभर शेंदलं तर कोमट लागलं. पलीकडच्या अंगाने एक काळा पाईप आत उतरला होता.

"बोअरचं हाय, साहेब," मालक म्हणाले. "रातच्याला लाईट आली की हिरीत सोडतो. करंगळीएवढी धार, तिच्यावर ठिबक चालत न्हाई. साचलं की मोसंबीला देतो."

खरी पातळी घ्यायची तर विहीर उपसायला लावायची. म्हणजे त्या माणसाने रात्रभर जागून जमवलेलं, झाडांच्या वाटचं पाणी ओतून द्यायचं. ते मी करणार नव्हतो. आकडा लिहिला आणि शेऱ्यात 'बोअरचं साठवलेलं पाणी, नैसर्गिक पातळी नाही' असं स्पष्ट नोंदवलं. तालुक्याच्या तक्त्यात आकडा गेला, शेरा गेला नाही. वरिष्ठांशी भांडलो, तर उत्तर मिळालं, "तक्त्यात शेऱ्याचा रकाना नाही." सरासरीत ती विहीर सुधारलेली दिसली. याची चीड अजून जात नाही.

विहीर कोरडी पडली तरी तीच गत. तळापेक्षा खोल आकडा टेप देऊ शकत नाही. पाणी त्याखाली कितीही गेलं तरी नोंद तळाशीच थांबते, आणि शेती मात्र चाललेली असते बोअरवर.

निघताना मालकांना विचारलं, बोअरची मोटर किती पाइपांवर आहे? एकाला एक जोडून मोटर खाली सोडायचे ते वीस-वीस फुटांचे पाईप असतात, त्यांचा हिशोब घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. "2012 ला बारा होते. आता अठ्ठावीस." म्हणजे 240 फुटांवरून 560. सात वर्षांचा दुष्काळ इतका नेमका मला आमच्या कुठल्याच तक्त्यात सापडला नव्हता.

तेव्हापासून प्रत्येक निरीक्षण विहिरीच्या शेजारच्या बोअरचे पाईप विचारून घेतो आणि माझ्या वहीत लिहितो. त्यासाठी अधिकृत रकाना मिळावा म्हणून दिलेला अर्ज अजून वरच आहे.