लोणारला फोटो काढायला जाताय? वाइड लेन्सवर विसंबू नका

पौषात लग्नाच्या तारखा नसतात. आमच्यासारख्या लग्नाच्या ऑर्डरवर घर चालवणाऱ्या फोटोग्राफरला तेवढाच मोकळा वेळ मिळतो आणि माझा तो वेळ गेली काही वर्षं लोणारलाच, तिथल्या उल्केच्या विवरातल्या सरोवरावर जातो. यंदाची चौथी खेप होती, तीन दिवस राहिलो, आणि आता कुठे मनासारखं काहीतरी हाती लागलं म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण पहिल्या वेळी मला हे कुणी सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती.

लोणार डोक्यात बसलं ते जून २०२० मध्ये. लॉकडाऊन होतं, लग्नं बंद, कॅमेरा कपाटात, आणि तिकडे सरोवराचं पाणी गुलाबी झालेलं. घरात बसून मोबाईलवर ते फोटो बघताना जीव नुसता तुटत होता. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला, त्यात हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव वाढले आणि त्यांच्या रंगामुळे पाणी गुलाबी दिसलं, असं पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं होतं. पाऊस पडला तसा तो रंग गेला. त्यामुळे गुलाबी पाण्याची आशा धरून जाऊ नका, एरवी पाणी हिरवंच असतं, आणि ते हिरवं पण फार सुंदर आहे.

पोचायचं कसं तर समृद्धीवरून येणाऱ्यांनी मेहकरला उतरायचं, तिथून लोणार पाऊण तासाच्या आत. मी एसटीने येतो, वाशीम-रिसोड मार्गे. या दिवसांत वाटेवर दोन्ही बाजूला तूर उभी असते, हरभरा गुडघ्याखाली, कुठे कुठे कापसाची वेचणी चाललेली. मुक्कामाला गावात लॉज आहेत, एमटीडीसीचं पण आहे, शनिवार-रविवार असेल तर आधी बुक करा.

आता मुख्य गोष्ट. लोणारचं विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद आणि काठापासून तळापर्यंत दीडशे मीटरच्या आसपास खोल आहे, बसाल्टच्या काळ्या पाषाणात उल्का आदळून झालेलं. अशी जागा म्हटली की आपण काय करतो, बॅगेतली सगळ्यात वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणारी लेन्स काढतो. मी पण १६ एमएम लावून काठावर उभा राहिलो होतो, ते पण भर दुपारी. सरोवर अख्खं फ्रेममध्ये बसलं, पण दिसलं कसं तर सांडलेल्या पाण्याच्या पट्टीसारखं. वर अर्धं आभाळ, खाली अर्धी झुडपं, मधे एक हिरवी रेघ. काठावर उभं राहिल्यावर पोटात जे खड्डा पडल्यासारखं होतं त्यातलं काहीच फोटोत नाही. घरी येऊन सगळे डिलीट केले.

खोली दाखवायची असेल तर दोन उपाय मला सापडले. एक म्हणजे पॅनोरमा, शेजारशेजारच्या फ्रेम जोडून केलेला लांब फोटो, पण ५० एमएमवर आणि कॅमेरा उभा धरून. मी सात फ्रेम घेतो, प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर तिसरा हिस्सा तरी चढलेली पाहिजे. एक्स्पोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स लॉक, फोकस लॉक, एफ ८, आयएसओ १००. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा, नाहीतर आभाळ एका बाजूला गडद आणि एका बाजूला फिकं येतं आणि ते नंतर नीट होत नाही. हाच पोलरायझर खाली पाण्याजवळ मात्र लावा, चमक कमी होऊन पाण्याचा खरा हिरवा रंग वर येतो.

दुसरा उपाय माझा जास्त आवडता, लांबचं जवळ आणणारी ७०-२०० एमएमची लेन्स. समोरच्या उतारावरचं जंगल, पाण्याची कड, आणि त्यात कुठेतरी एखादा माणूस. पाण्याच्या कडेने चालणारी एक बाई लाल लुगड्यात दिसली, २०० एमएमवर सुद्धा ठिपक्याएवढी, आणि त्या एका ठिपक्याने विवर केवढं आहे ते कळलं. तो फोटो मिळायला दोन सकाळी थांबलो.

उजेडाचं गणित समजून घ्या. डिसेंबरच्या शेवटी सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, पण तळाशी ऊन लगेच येत नाही, कारण पूर्वेचा काठच आडवा येतो. गाव ज्या अंगाला आहे त्या काठावर उभं राहिलं की सूर्य पाठीमागे, आणि समोरच्या पश्चिमेच्या भिंतीवर आधी वरची झाडं पेटतात, मग ते ऊन हळूहळू खाली उतरतं. पश्चिमेकडच्या पाण्याला लागायला अर्धा तास तरी जातो, आणि आपल्या पायाखालचा काठ दोन तास सावलीत राहतो. तो अर्धा तास म्हणजे लोणारचा खरा वेळ. वर ऊन, खाली निळसर सावली, पाण्यावर धुक्याचा पातळ थर, मोरांचा आवाज खालून येतो. वरच्या आणि खालच्या उजेडात फरक खूप असतो म्हणून दोन-दोन स्टॉपच्या तीन फ्रेम ब्रॅकेट करा, म्हणजे तेच दृश्य कमी, मध्यम आणि जास्त एक्स्पोजरवर घ्या. बरेच जण नऊला येतात आणि म्हणतात काय आहे इथं.

खाली उतरायला गोमुख नावाच्या झऱ्याच्या बाजूने वाट आहे. अभयारण्य आहे, त्यामुळे आत जायची वेळ आणि तिकीट आदल्या दिवशीच विचारून ठेवा, ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. पाणी दोन लिटर तरी घ्या, चढताना लागतं. तळाशी कमळजादेवीचं देऊळ आहे, नवरात्रात तिथे मोठी यात्रा असते, शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा.

पाण्याजवळ सांभाळा. चिखल वरून सुका दिसतो आणि पाय आत जातो, वास पण येतो. पाणी खूप अल्कधर्मी आहे. मागच्या वर्षी ट्रायपॉडचे पाय त्यात रोवले, घरी येऊन तसाच ठेवला, आठवड्याने बघतो तर लॉक फिरेनात, आत क्षार जमलेले. आता वर आलो की पहिलं काम म्हणजे गोड्या पाण्याने पाय धुणं, पुसणं, उघडे वाळवणं. उतारावर प्लास्टिकच्या बाटल्या दिसल्या की फार वाईट वाटतं, हे २०२० पासूनचं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा आहे हो, एक पिशवी सोबत ठेवली तर दहा बाटल्या सहज वर येतात.

संध्याकाळी ऊन कलल्यावर गावातल्या दैत्यसूदन मंदिरात जा. बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्तींवर तिरपा उजेड पडला की कोरीवकाम उठून दिसतं. इथे ५० एमएम पुरते.

तिसऱ्या सकाळी काठावर एक काका शेळ्या घेऊन आले, बराच वेळ माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "भाऊ, तीन दिसापासून पायतो, तुमी त्याच जागी उभे. कायचा फोटो काढून रायले?" मी स्क्रीनवर लाल लुगड्याचा फोटो दाखवला. त्यांनी डोळे बारीक केले, जवळ घेतला, आणि म्हणाले, "हे त आमच्या घरची हाय. देवीले गेली होती." मग मोठा करून दाखवायला लावला, दोनदा.

मोठी प्रिंट काढायला टाकलीय, लॅमिनेशन नको मॅट पेपर सांगितलाय. मकर संक्रांतीनंतर तारखा सुरू होतात, त्याच्या आधी एक दिवस काढून लोणारला नेऊन द्यायची आहे.