करोनाकाळातले आत्महत्यांचे आकडे आणि कुठेच न सापडणारं ठाणं

करोनानं आत्महत्या वाढल्या का? देशापुरतं उत्तर एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, वार्षिक अहवालात मिळतं. २०१९ मध्ये १,३९,१२३, २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३. लाखामागे दर १०.४, ११.३ आणि १२.०. मात्र हे तीनच आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका. २०१७ मध्ये दर ९.९ होता, २०१८ मध्ये १०.२. चढ आधीच सुरू होता, साथीत तो वेगानं वाढला. आणि २०२२ मध्ये साथ ओसरल्यावरही दर १२.४ वर गेला.

साथीचा खरा ठसा व्यवसायवार तक्त्यात दिसतो. २०१९ ते २०२० या एका वर्षात एकूण वाढ १० टक्के, पण व्यापार-धंदा करणाऱ्यांत ९,०५२ वरून ११,७१६, म्हणजे जवळपास २९ टक्के. विद्यार्थ्यांत १०,३३५ वरून १२,५२६. महाराष्ट्राची मोठी उडी मात्र दुसऱ्या वर्षी आली: १८,९१६, मग १९,९०९, मग एकदम २२,२०७.

इथवर सगळं सरळ होतं. माझं घोडं अडलं ते ठाणे शहरावर.

अहवालात ५३ महानगरांचा तक्ता असतो. त्यात वसई-विरार आहे, नाशिक आहे. ठाणे नाही, नवी मुंबईही नाही. मुंबईच्या ओळीत २०२० साठी १,२८२ आत्महत्या आणि दर ७.० दिसतो. हा दर पाहून 'मुंबईत प्रमाण कमी' असं बिनदिक्कत लिहिलं जातं, आणि त्याचा मला अजून राग येतो. भागाकार उलटा करून पाहा: खाली लोकसंख्या येते सुमारे १८४ लाख. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबई पालिकेची लोकसंख्या सुमारे १२४ लाख होती. १८४ लाख ही ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, उल्हासनगर धरून अख्ख्या नागरी पट्ट्याची. शिवाय ती २०११ चीच, पुढची जनगणना झालेलीच नव्हती. तेव्हा १,२८२ हा आकडा नेमक्या किती पोलीस ठाण्यांचा, हे तपासल्याशिवाय त्या दराला हात लावू नये.

मग माहिती अधिकार. मला महिनावार आकडे हवे होते, कारण वर्षाच्या बेरजेत टाळेबंदी दिसतच नाही. जपानमध्ये २०२० च्या पहिल्या लाटेत आत्महत्या घटल्या आणि जुलैपासून वाढल्या, विशेषतः स्त्रियांमध्ये. आपल्याकडे एप्रिल-मे वेगळा आणि नंतरचे महिने वेगळे निघाले असते, तर समुपदेशन कधी वाढवायला हवं होतं ते कळलं असतं.

संबंधित कार्यालयाचं उत्तर एका ओळीचं: 'माहिती या स्वरूपात संकलित केलेली नाही.' अशा उत्तराला कारण आपला अर्जच देतो. 'आत्महत्यांची आकडेवारी' असं मोघम मागू नका. पोलीस ठाण्यात आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते. साथीच्या काळात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. व्हिसेराचा, म्हणजे शवविच्छेदनात राखून ठेवलेल्या अवयवांच्या नमुन्यांचा, अहवाल यायचा असेल तर चौकशी लांबते आणि तोवर मृत्यूचं कारण पक्कं होत नाही. म्हणून असं लिहा: 'अकस्मात मृत्यूच्या नोंदींपैकी चौकशीअंती आत्महत्या ठरलेल्यांची संख्या, नोंदीच्या महिन्यानुसार, स्त्री-पुरुष वेगळी, आणि चौकशी प्रलंबित असलेल्यांची संख्या.' नावं, पत्ते मागूच नका. अर्ज फेटाळायला आयतं निमित्त मिळतं, आणि त्या घरांना त्रास देण्याचा आपल्याला काही अधिकार नाही. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. नकार आला किंवा ३० दिवसांत उत्तरच आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. २० रुपयांचा स्टॅम्प.

हद्द पाहायची राहिलीच. 'ठाणे जिल्हा' नावाचं एकच पोलीस घटक नाही. ठाणे आयुक्तालय, ठाणे ग्रामीण आणि नवी मुंबई वेगवेगळे; नवी मुंबई आयुक्तालयात रायगडातलं पनवेल, उरणही येतं. त्यात ऑक्टोबर २०२० मध्ये, ऐन साथीत, मीरा-भाईंदर ठाणे ग्रामीणमधून निघून वसई-विरारच्या नव्या आयुक्तालयात गेलं. त्यामुळे ठाणे ग्रामीणचे २०१९ आणि २०२१ चे आकडे समोरासमोर ठेवले, तर घट दिसते ती निव्वळ हद्दीमुळे. पोलीस ठाणेवार आकडे मागा आणि बेरीज स्वतः करा.

एक आणखी. अहवालातली कारणं पोलिसांच्या चौकशीतली असतात, मानसोपचारतज्ज्ञांची नव्हेत. 'कौटुंबिक समस्या' २०२० मध्ये ३३.६ टक्के, घरातली नोकरी गेल्यावर पेटलेलं भांडणही त्याच खान्यात पडू शकतं. त्यामुळे 'बेरोजगारी'चा छोटा आकडा दाखवून टाळेबंदीचा परिणाम नव्हता असं म्हणता येत नाही.

आणि असं टिपण कुठेही लावाल, सोसायटीच्या फलकावर का असेना, तर खाली टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ठळक छापा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.