झेल कुणाचा?

कर्णबधिर मुलांना क्रिकेट शिकवते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "उंच झेलाखाली दोघं धावली तर आदळत नाहीत का? 'माझा!' म्हणून ओरडलेलं ऐकू कुठे येणार?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आदळली होती. एकाचा पुढचा दात गेला, त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हा मी विल्यम हॉय याच्याबद्दल वाचत होते. अमेरिकेतल्या ओहायोचा, जन्म १८६२चा. तिसऱ्या वर्षी मेंदूज्वरात कान गेले. कोलंबसच्या कर्णबधिरांच्या शाळेत शिकला, पुढे चपला-बूट दुरुस्त करायचा आणि १८८८मध्ये वॉशिंग्टनच्या व्यावसायिक बेसबॉल संघात दाखल झाला. लोक त्याला 'डमी' म्हणत, म्हणजे आपल्याकडचं 'मुक्या'. तो स्वतःही ते नाव लावायचा. माझ्या तोंडून ते निघत नाही.

तिथे त्याने सहकाऱ्यांसाठी एक सूचना लिहून लावली. झेल मी घेणार असेन तर ओरडेन, तुम्ही बाजूला व्हा. माझं ओरडणं ऐकू आलं नाही तर समजा, मी चेंडूमागे नाही. किती साधं! त्याला ऐकू येत नव्हतं, पण बाकीच्यांना येत होतं ना. त्याच मोसमात त्याने ८२ बेस 'चोरले', म्हणजे फटका नसतानाच पळून पुढचा टप्पा गाठला, लीगमध्ये सर्वांत जास्त वेळा. पुढच्या वर्षी एकाच सामन्यात लांबून चेंडू फेकून तिघांना होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते त्या जागी, बाद केलं. 'व्यंगावर मात' वगैरे लोक म्हणतात, ते मला पटत नाही. आपल्याला काय हवंय ते त्याने स्पष्ट सांगितलं आणि संघाने ते पाळलं. मला महत्त्वाचं वाटतं ते हे.

आमच्या मैदानावर ओरडून उपयोग नाही, ऐकणारं कुणीच नाही. म्हणून आम्ही फक्कीने एक मोठं वर्तुळ आखलं. झेल त्या रेघेबाहेर जाणार असेल, तर आतल्याने रेघेवर थांबायचं. चेंडू बाहेरच्याचा, कारण समोरून धावत येताना त्याला चेंडूही दिसतो आणि माणूसही.

हॉयने ९९व्या वर्षी, १९६१च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, सिनसिनाटीच्या मैदानावर मानाचा पहिला चेंडू फेकला. हे मुलांना खुणांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी मला तो आकडा तीनदा करून दाखवायला लावला.

परवा कव्हरवरून एक उंच झेल उडाला. दात गेलेला तोच पोरगा मान वर करून मागे मागे पळाला आणि रेघेवर गच्च थांबला. बुटांना फक्की लागली होती. मागून आलेल्याने झेल घेतला.