हाउसबोटीवरची एक रात्र: पैसे नेमके कशाचे

बडोदा, रविवार रात्र

दिवाळी जवळ आली की रावपुऱ्यापासून दांडिया बाजारापर्यंत ओळखीच्या घराघरांतून केरळचं नाव निघायला लागतं, आणि केरळ म्हटलं की आलेप्पीची हाउसबोट आलीच. एरवी प्रवासात हात आखडता घेणारी जोडपीही या एका रात्रीसाठी खिसा सैल सोडतात. सोडावाच, पाण्यावरची ती रात्र खरंच तेवढ्या मोलाची असते. पण पैसे नेमके कशाचे द्यायचे हे बुकिंगच्या वेळी कोणी बघत नाही. फोटोतला पलंग, त्यावरच्या पाकळ्या आणि टॉवेलचे हंस बघून बोट ठरते. म्हणून आज हे सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे.

आधी वेळापत्रक. दुपारी १२ ला बोटीवर चढायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला उतरायचं. झाले २१ तास. त्यातले बोट प्रत्यक्ष चालते ते चार, फार तर पाच. साडेबाराच्या आसपास धक्का सोडते, दीडला जेवणासाठी काठाला लागते, अडीच-तीनला पुन्हा सुटते आणि संध्याकाळी साडेपाचला बांधली जाते. ती हलते थेट सकाळी ८ ला, नाश्त्याच्या वेळी. अंधार पडायच्या सुमाराला कोळी पाण्यात जाळी सोडतात. बोटीच्या पंख्यात जाळं गेलं तर कोळ्याचं रोजचं पोट बुडतं आणि बोटही जागच्या जागी अडकते, म्हणून रात्री हाउसबोट चालवायची नाही असा तिथला नियम आहे. रात्रभर पाणी कापत जाणाऱ्या बोटीचं चित्र मनात धरून गेलं तर विरस ठरलेला. साडेचौदा तास बोट उभी असते. तेव्हा चौकशी करायची ती मुख्यतः या साडेचौदा तासांची.

पहिला प्रश्न: रात्री बोट कुठे बांधणार? उत्तर 'छान जागी' असं आलं तर पुन्हा विचारावं. गर्दीच्या दिवसांत एकाच काठाला आठ-दहा बोटी कुशीला कुशी लावून बांधतात. मग आपल्या खिडकीतून दिसते ती शेजारच्या बोटीची खिडकी, आणि आपला जनरेटर कितीही शांत असला तरी शेजाऱ्याचा कानाशी असतो. मालकाची स्वतःची बांधायची जागा असेल, शक्यतो गावाच्या बाजूला, बांधावरून पायी फिरता येईल अशी, तर त्यासाठी हजार-दोन हजार जास्त गेले तरी द्यावेत. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा हा त्या बांधावरून चालायचा तास आहे. एका हाताला कालवा, दुसऱ्या हाताला भातशेत, आणि शेत कालव्याच्या पाण्यापेक्षा चांगलं खाली. आलेप्पीच्या आसपासच्या कुट्टनाड भागातली ही शेती समुद्रसपाटीच्या खाली चालते. बांध घालून पाणी अडवलेलं, आतलं पाणी पंपाने उपसून कालव्यात टाकलेलं. जगभरातल्या जपण्याजोग्या शेतीपद्धतींच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीत २०१३ मध्ये तिचं नाव आलं. बोटीच्या खालच्या डेकवर बसून मात्र ही शेतं दिसतच नाहीत, मध्ये बांध येतो. दिसतात नारळाची खोडं आणि बांधावरची घरं.

यासाठीच माझं मत वरच्या डेकच्या बाजूने आहे. लक्झरीच्या नावाखाली तीन गोष्टी विकल्या जातात: काचेने बंद केलेला एसी हॉल, बाथटब आणि वरचा मजला. पहिल्या दोन घरबसल्या कुठल्याही हॉटेलात मिळतील. वरच्या मजल्यावर बसलं की नजर बांधापलीकडे जाते आणि हिरवं शेत पायाखाली उतरत गेलेलं दिसतं. काचेचा हॉल तर उलट पाण्याचा वास, वारा, काठावर कपडे आपटण्याचा आवाज, सगळं बाहेर ठेवतो. ऊन सोसत नसेल तर निदान काचा सरकवता येतात का, एवढं तरी विचारून घ्यावं.

दुसरा प्रश्न एसीचा. 'डीलक्स' म्हणून मिळणाऱ्या बोटीत एसी फक्त झोपायच्या खोलीत, तोही रात्री ९ ते सकाळी ६. 'प्रीमियम' म्हटली तर दिवसभर. ही नावं बोटवाले आपापल्या मर्जीने वापरतात, म्हणून नाव सोडून तास लिहून घ्यावेत. मग वीज कुठून येते ते विचारावं. बांधायच्या जागी काठावरून वायर जोडली जात असेल तर उत्तम, नाहीतर रात्रभर जनरेटर. जनरेटर असतो मागच्या टोकाला, स्वयंपाकघराजवळ. बोटीची मांडणी सगळीकडे जवळपास सारखीच: पुढे सारंगाची, म्हणजे बोट चालवणाऱ्याची, बैठक आणि सुकाणू, त्यामागे बसायची नि जेवायची जागा, मध्ये खोल्या, शेवटी स्वयंपाकघर आणि कामगारांची जागा. दोन-तीन खोल्यांच्या बोटीत शेवटची खोली मिळाली तर पलंगाला बारीक थरथर लागते आणि वारा फिरला की डिझेलचा वासही येतो. अशा बोटीत खोली घेतलीच तर पुढची मागावी.

दोघांनी मात्र एका खोलीचीच बोट घ्यावी. मोठ्या बोटीतली एक खोली स्वस्त पडते खरी, पण डेक सामाईक, जेवणाची वेळ सामाईक, गाणी शेजाऱ्यांच्या आवडीची. एका खोलीच्या बोटीवर सारंग, आचारी आणि एखादा मदतनीस एवढीच माणसं. कुठे थांबायचं, चहा कधी हवा, हे दोघांनी ठरवायचं. दर साधारण आठ-दहा हजारांपासून सुरू होतात, दिवसभर एसी असेल तर बारा-पंधराच्या घरात जातात, आणि वरच्या डेकची, नवी, नीट राखलेली बोट वीस हजारांच्या पुढे. नाताळ ते नवीन वर्ष हेच आकडे दीडपट-दुप्पट होतात. तेवढ्याच पैशांत जानेवारीच्या मध्यात, आठवड्याच्या मधल्या वारी, एक पायरी वरची बोट मिळते.

आता बोटीच्या अंगाबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त जीव याच भागात आहे. जुनी केट्टुवळ्ळम ही भात वाहून नेणारी होडी. आंजिलीच्या, म्हणजे रानफणसाच्या जातीतल्या लाकडाच्या फळ्या एकमेकींना काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, खिळा नाही. सांध्यात नारळाचा काथ्या ठासलेला, आणि वरून काजूच्या टरफलाच्या तेलाचा काळा लेप. रस्ते आणि पूल झाले तशी या होड्यांची मालवाहतूक बसली, आणि पुढे त्यांच्यावर बांबू नि चटयांचं छप्पर चढून हाउसबोटी झाल्या. आज सगळ्याच बोटी शिवलेल्या नसतात, काहींचा तळ फायबरचा किंवा लोखंडी असतो. शिवलेली आहे का हे बघायचं तर बसायच्या जागेच्या पुढे, नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, वाकून फळ्यांच्या आतल्या अंगाला बघावं. सारख्या अंतरावर छिद्रं आणि त्यांतून ओढलेल्या दोरीचे टाके दिसतात, काळ्या लेपाखाली फुगून वर आलेले. अशा तळात थोडं पाणी झिरपतंच, ते उपसायला पंप असतो. रात्री मध्येच घुर्रर्र आवाज येऊन बंद झाला तर तो बहुतेक हाच पंप, घाबरायचं कारण नाही. पण तो दर दहा मिनिटांनी चालू होत असेल तर सारंगाला उठवून सांगावं.

पाण्याचंही ऋतुमान आहे. वेंबनाड तलावाचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कमचा बंधारा साधारण डिसेंबरच्या मध्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत बंद ठेवतात. आलेप्पी आणि कुमरकोम दोन्ही त्याच्या दक्षिणेला, म्हणजे अडलेल्या पाण्याच्या बाजूला. पाणी वाहत नाही, जलपर्णी माजते, कालव्यात ती पंख्याला गुंडाळते आणि सारंग बोट थांबवून काठीने सोडवत बसतो. पर्यटकांचा हंगाम नेमका हाच. पावसाळ्यानंतर लगेचचे दिवस, ऑक्टोबर-नोव्हेंबर, पाण्यासाठी जास्त चांगले, एखादी संध्याकाळची सर झेलायची तयारी मात्र हवी. संडासाचं पाणी टाकीत जातं की सरळ तलावात, हेही न लाजता विचारावं. वेंबनाड २००२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे, आणि काठावरची माणसं त्याच पाण्यात भांडी घासतात.

मोठी बोट अरुंद कालव्यात जाऊ शकत नाही. त्यासाठी छोटी होडी वेगळी घ्यायची, शक्यतो हाताने वल्हवायची, सकाळी साडेसहा ते आठ या वेळात. इंजिनाची शिकारा संध्याकाळी गळ्यात मारतात, पण त्या आवाजात बगळे काय आणि खंड्या काय, सगळे आधीच उडालेले असतात.

जेवण दरात धरलेलं असतं: जाड लालसर भात, सांबार, तोरण (खोबरं घातलेली सुकी भाजी), अवियल (मिश्र भाजी), पापड आणि तळलेला करिमीन मासा. करिमीनला काटे पुष्कळ, सावकाश खावा. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगावं, म्हणजे माशाच्या बदल्यात दुसरी भाजी येते. पोळ्याही आधी सांगितल्या तरच होतात. नाश्त्याला बोलला नाहीत तर ब्रेड-आम्लेट समोर येतं. अप्पम किंवा पुट्टू असं तांदळाचं काही हवं तर आदल्या दिवशी दुपारीच आचाऱ्याला सांगून ठेवावं. वाटेत बोट मासळीच्या दुकानाशी थांबते. तिथली मोठी निळसर कोळंबी वजनावर मिळते आणि महाग असते. काट्यावर ठेवण्याआधी किलोचा भाव विचारावा, वजन झाल्यावर नाही म्हणणं अवघड जातं. संध्याकाळी चहाबरोबर पिकल्या केळ्यांची भजी मिळतात, तरी आपला बडोद्याचा लिला चिवडा डब्यात असू द्यावा, रात्रीचं जेवण आठला आटपतं आणि नंतर भूक लागते. सहा वाजले की खोलीचं दार-खिडकी लावून घ्यायची. डास येतातच, आणि डेकवरच्या पांढऱ्या दिव्याखाली पाखरांचा सडा पडतो. दिवा बंद करून बसलं तर दोन्ही त्रास कमी.

सुरक्षेबद्दल बडोद्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. १८ जानेवारी २०२४ ला इथल्या हरणी तलावात बोट उलटून शाळेच्या सहलीतली १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बऱ्याच मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. केरळातच, ७ मे २०२३ ला तानूरला पर्यटकांची बोट उलटून २२ जण बुडाले. म्हणून चढल्या चढल्या जॅकेटं कुठे आहेत ते बघायचं, पलंगाखाली कुलपात असतील तर बाहेर काढायला लावायची, आणि एकदा अंगात घालून पट्टे लागतात का ते तपासायचं. छोट्या होडीत बसताना ते अंगातच हवं. स्वयंपाकघरात गॅस, वर बांबू आणि चटई, म्हणून आग विझवायचं नळकांडं कुठे आहे तेही विचारावं. बंदर विभागाचा नोंदणी क्रमांक बोटीवर रंगवलेला असतो, बुकिंगच्या कागदावर तोच असला पाहिजे. रात्री फळीवरून काठावर ये-जा करताना पाय घसरतो तो चपलेमुळे. अनवाणी जावं, हातात बॅटरी घेऊन.

पैशांचं असं: आगाऊ पाव हिस्सा द्यावा, बाकीचे बोट डोळ्यांनी पाहिल्यावर. ठरवलेल्या बोटीचा क्रमांकासकट त्याच आठवड्यातला व्हिडिओ मागावा. ऐन वेळी 'ती बोट दुरुस्तीला गेली, तशीच दुसरी देतो' हे वाक्य पुन्नमडाच्या फिनिशिंग पॉइंट धक्क्यावर हंगामात हमखास ऐकू येतं. बुकिंगच्या संदेशात बोटीचं नाव, क्रमांक, एसीचे तास, बांधायची जागा आणि होडीफेरी धरलेली आहे की नाही, या पाच गोष्टी लिहिलेल्या असल्या तर तिथे ठामपणे बोलता येतं.

बडोद्याहून कोकण रेल्वेने जाणाऱ्या गाड्या एर्नाकुलमला नेतात. विमानाने जायचं तर मुंबईला बदलून कोची, आणि कोची विमानतळापासून आलेप्पी मोटारीने दोन-अडीच तास. कसंही गेलं तरी आदल्या रात्री कोचीत किंवा आलेप्पीत मुक्काम हवाच. गाडी चार तास उशिरा आली आणि बोटीवर चढायला संध्याकाळचे चार वाजले, तर त्या दिवशीचे चालायचे बहुतेक तास गेले, आणि त्याचे पैसे कोणी परत देत नाही. परतीची गाडी सकाळी ११ च्या आधीची घेऊ नये. उतरताना बक्षिसी एकाच्या हाती न देता तिघांना वेगवेगळी द्यावी, आचाऱ्याला थोडी जास्त.